डावीकडे धावणारा दिवा

जिन-शुईंच्या ताटलीत रोज अर्धा भात उरायचा. उजवीकडचा साफ, डावीकडचा तस्साच. वर म्हणायचे, "आज भात कमी वाढलास." त्यांची बायको यू-चिन ताटली गर्रकन फिरवायची, की बाकीचाही मुकाट्याने खायचे.

अर्धांगाचा झटका येऊन तीन महिने झाले होते. डावा हात, डावा पाय थोडाफार परत आला, पण डावी बाजूच परत आली नाही. डोळे ठणठणीत आहेत, डॉक्टरांनी तपासून सांगितलं. मेंदूनेच त्या बाजूकडे पाठ फिरवली होती. दाढी करायचे तीही उजव्याच गालाची. हे सगळं तिने सोसलं. एक मात्र सोसवेना. ती डावीकडे बसली की त्यांच्या लेखी ती घरातच नसायची. हातभर अंतरावरून ती हाक मारायची आणि हे उजवीकडच्या खिडकीकडे बघत चिडायचे, "यू-चिन आली नाही अजून! बसली असेल कुठंतरी गप्पा छाटत." बेचाळीस वर्षांचा संसार, आणि नवऱ्याला बायको दिसू नये? तिला रोज मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

व्यायाम करून घ्यायला येणारी बाई फटकळ होती. म्हणाली, "आजी, उजवीकडे बसून त्यांचे लाड करू नका. डावीकडेच बसा. मान त्यांची त्यांनी वळवायला हवी. पहिल्या सहा महिन्यांत जे परत येईल ते खरं, पुढचं देवाच्या हाती. त्यांच्या आवडीचं काहीतरी डावीकडे ठेवा, चमकणारं, हलणारं."

म्हणजे हातात उरले तीन महिने.

यू-चिनने डावीकडे लाल फीत बांधून पाहिली, घंटी वाजवून पाहिली, पिकलेला आंबा ठेवून पाहिला. आंबा नासला. शेवटी तिची नजर त्या काळ्या पेटीवर गेली.

ती पेटी म्हणजे जिन-शुईंचा गेम खेळायचा कॉम्प्युटर. शिंचू शहरातल्या कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी तो स्वतः जुळवला होता आणि जुन्या सोबत्यांबरोबर रोज दुपारी त्यावर रणगाड्यांची लढाई खेळायचे. पेटी टेबलाच्या डाव्या टोकाला. आजारपणानंतर एकदाच खेळायला बसले, डावीकडून येणाऱ्या गोळ्यांनी पुन्हा पुन्हा मेले, आणि कीबोर्ड ढकलून दिला तो दिलाच.

आजकाल पोरंसोरं अशा पेट्यांत रंगीत दिव्यांच्या पट्ट्या लावतात. जिन-शुई नाक मुरडायचे, "मशीन आहे की देवळाची जत्रा?" आणि चालू मशीनला हात लावायचा नाही, हा तर त्यांचा धर्मच. बायकोने पेटीवरची धूळसुद्धा विचारून पुसायची. आता विचारायचं कोणाला? त्यांना झोप लागल्यावर तिने शेजारणीला घरात बसवलं, पेटी दुलईत गुंडाळली, स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये ठेवली आणि शिंचूच्या त्या भणाण वाऱ्यात दात आवळून निघाली.

कॉम्प्युटरचं दुकान चालवणारा लाय पूर्वी कारखान्यात जिन-शुईंच्या हाताखाली काम केलेला. पेटी पाहून तो उभाच राहिला.

"वहिनी, साहेबांना माहीत आहे?"

"माहीत असतं तर आले असते का? दिवे लाव. टेबलाच्या उजव्या टोकापासून पट्टी ओढायची, कॉम्प्युटरच्या पडद्याखालून डावीकडे न्यायची, थेट पेटीत. उजेड त्यांना दिसतं तिथून सुरू व्हायला हवा आणि दिसत नाही तिथं जायला हवा."

लायने मान डोलावली. मग पेटीवर चिकटवलेल्या हिरव्या पुडीकडे पाहून चुकचुकला. मक्याच्या कुरकुरीत खाऊची ती पुडी, त्या खाऊच्या नावाचा अर्थच 'शहाणं बाळ'. मशीनने गुणी बाळासारखं वागावं म्हणून इथं प्रत्येक जण ठेवतो, कारखान्यातल्या कोट्यवधींच्या मशीनवरसुद्धा. "तारीख उलटून गेलीय. अशानं मशीन बिघडेल नाही तर काय! आधी नवी आणा, मग उघडतो."

ती कोपऱ्यावर जाऊन आली. घाईत पिवळी घेऊन आली. लायने ती हातातही घेतली नाही. "वहिनी, चाळीस वर्षं इंजिनियरच्या घरात काढलीत ना? हिरवी!" ती पुन्हा गेली, मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत.

"दिव्यांचा रंग कोणता?" लायने विचारलं.

"हिरवाच," ती म्हणाली. "ह्यांना तोच चालतो."

दुसऱ्या दिवशी लायने घरी येऊन पट्टी जोडून दिली, बटणांची डबी तिच्या हातात ठेवली. टेबलाच्या कडेने हिरवा उजेड शांतपणे डावीकडे गेला. जिन-शुईंनी पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. आठ दिवस हेच. आठ दिवस ती डावीकडे बसून होती, आणि आठ दिवस ते विचारत होते, "यू-चिन कुठाय?"

नवव्या दिवशी ती भांडी घासत होती आणि एकदम थांबली. कारखान्यातल्या प्रत्येक मशीनवर दिव्यांचा छोटा खांब असतो. हिरवा म्हणजे मशीन चालू, पिवळा म्हणजे थांबलंय, लाल म्हणजे बंद पडलं. ह्या माणसाने उभा जन्म हिरव्या दिव्यांच्या रांगांमधून चालत काढला, एकाकडेही न बघता. हिरवा दिसला की बघायचं कारणच नाही! तिने ओल्या हातानेच कपाळ बडवून घेतलं आणि लायला फोन लावला.

"लाल कसा करायचा? पळता लाल."

"लाल? चालू मशीनवर?" तो ओरडलाच. "वहिनी, असं अभद्र बोलू नका. आम्ही मशीनच्या खोलीत लाल पिशवीसुद्धा नेत नाही. बंद पडेल ते!"

"पडू दे बंद. जळू दे. मला मशीन नकोय रे, मला माझा माणूस हवाय."

मग पलीकडून तो हळूच म्हणाला, "तिसरं बटण. दोनदा दाबा."

दुपारी तिने जिन-शुईंना टेबलाशी बसवलं. स्वतः डावीकडे, पेटीच्या शेजारी बसली आणि बटण दोनदा दाबलं.

लाल उजेड टेबलाच्या उजव्या टोकाला भडकला आणि डावीकडे पळाला. पुन्हा भडकला, पुन्हा पळाला. जिन-शुईंचा चेहराच पालटला. "कोणतं मशीन? कोणी बंद पाडलं?" डोळे उजेडामागे धावले, पडद्याच्या मध्यापर्यंत आले आणि अडले. तिथं त्यांचं जग संपत होतं. श्वास जोरात चालू झाला, कपाळावर घाम आला. आजारी माणसाला घाबरवतेय मी, ह्यांचा रक्तदाब वाढून काही झालं तर? यू-चिनचा अंगठा बटणावर गेला. पण दाबला नाही. घाबरा हो, तिने मनात म्हटलं, घाबरा, पण बघा.

उजेड पुन्हा पळाला. मानेच्या शिरा ताणल्या. आणि मान वळली. आधी इंचभर, मग आणखी. डोळे पडद्याची कड ओलांडून पेटीवर गेले, आणि पेटीवरून तिच्यावर.

"एवढं लाल पेटलंय," ते खेकसले, "आणि तू नुसती बसलीयेस?"

"बसलेय," ती म्हणाली.

ते पाहत राहिले. राग हळूहळू उतरला. "किती वाळलीस गं," म्हणाले. मग भुवया आक्रसून, "केव्हा आलीस?"

तीन महिने तिच्या ओठांवर आले होते. तिने ते गिळले.

"आत्ताच."

तिने बटण दाबलं. लाल विझला. आता मान परत खिडकीकडे जाईल, असं तिला वाटलं. दिवा विझला तरी ते तिच्याकडेच बघत होते.

"मग जेवलीस का?" त्यांनी विचारलं.