पेटीच्या लाकडाचं पेन

सोवा मिस्त्री साधी शवपेटी बनवत नसत. समुद्रकाठच्या तेशी गावातला कोळी मेला तर तो लाकडी माशात पडून जायचा, टॅक्सीवाला टॅक्सीत, कांदे विकणारी कांद्यात. ओडार्ले त्यांच्या हाताखाली काम शिकत होती, आणि कुठला माणूस कशात मावेल हे तिला नुसतं बघून कळायचं. लग्नातसुद्धा तिची नजर पाहुण्यांच्या खांद्यांची मापं घेत फिरायची, म्हणून तिला लग्नाची बोलावणी कमीच यायची.

पण तिचा जीव अडकला होता उरलेल्या लाकडात. माशाचे कल्ले कापताना पडलेले तुकडे मिस्त्री चुलीसाठी टाकत. ओडार्ले ते कोपऱ्यात नेऊन त्यांची पेनं करी. लाकूड फिरवून कातायचा लेथ तिचा तिनेच जुळवला होता. मोटर मोडक्या शिलाई मशीनची, पटाशी म्हणजे घासून धार लावलेली जुनी कानस. तुकड्याला आरपार भोक पाडायचं, भंगारातल्या फ्रीजची तांब्याची नळी त्यात चिकटवायची आणि मग फिरत्या लाकडाला कानस लावायची. जरा घाई झाली की कानस रुतायची आणि तुकडा उडून मिस्त्रींच्या कपाळावर बसायचा. जमलं तर मात्र वरून मेणबत्ती घासली की लाकूड असं चमकायचं, की ते चुलीत जाणार होतं यावर विश्वास बसू नये.

"शनिवारी हा कोपरा रिकामा कर," एके दिवशी मिस्त्री कपाळ चोळत म्हणाले. "मोठ्या ट्यूना माशाची ऑर्डर आहे. शेपटीला जागा नाही."

"आणि माझा लेथ?"

"भंगारात. पोरी, आजवर एकाने तरी तुझं पेन घेतलंय का? पेटीच्या लाकडाने स्वतःचं नाव लिहून मरण कोण ओढवून घेईल? माझीच छाती होत नाही."

"एकाने लिहिलं तर?"

"एका माणसाने स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव लिहून दाखवलं, तर ती शेपूट मी घरी माझ्या खाटेखाली ठेवीन."

ओडार्ले पेनं घेऊन निघाली ती थेट केंके, म्हणजे पानात गुंडाळलेले मक्याचे उकडलेले गोळे, विकणाऱ्या नामाले मावशीकडे.

"घाबरायचं काय त्यात? आण इकडे," म्हणत मावशीने केंकेने चिकट झालेला हात पदराला पुसला आणि कागदावर झोकात नाव लिहिलं.

ओडार्लेला आनंदाने उडी मारावीशी वाटली. मग तिने ते वाचलं.

"मावशी, हे तर समोरच्या डेडेचं नाव आहे!"

"मग? तिचा केंके कच्चा असतो."

बातमी पसरली आणि दुपारपर्यंत मिस्त्रींच्या कारखान्यासमोर रांग लागली. कुणाला जावेचं नाव लिहायचं होतं, कुणाला घरमालकाचं, एकाला फुटबॉलच्या पंचाचं. एक म्हातारा नुसतं पेन धरायला आला होता, नाव नंतर सुचेल म्हणाला.

"पेन लिहायला आहे," ओडार्ले ओरडली, "माणसं मारायला नाही!"

"म्हणजे ज्याचं नाव लिहू तो मरणार नाही?"

"नाही!"

"मग उपयोग काय?" म्हणत रांग पांगली. तिने एकालाही पेन दिलं नाही. मिस्त्रींनी मात्र शेपटीची मापं कोपऱ्याच्या फरशीवर खडूने आखून घेतली, अर्धी लेथच्या खालून.

गुरुवारी लमिले आली. तिचे वडील, हेडमास्तर बोर्टे सर, शनिवारी पेनातून जाणार होते. निळं, लांबलचक पेन रंगून तयार होतं. लमिलेने त्याला फेरी मारली.

"हे लिहितं का?"

"ताई, ही पेटी आहे," मिस्त्री म्हणाले.

"माझ्या वडिलांनी आयुष्यभर बंद पेनावरून पोरांना वर्गाबाहेर काढलं. आता ते स्वतः बंद पेनात बसून शाळेवरून जाणार?"

माशाला पोहता येतं का, असं मिस्त्रींना आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"लिहील," ओडार्ले म्हणाली.

"तू थांब गं."

"लिहील, ताई."

पेटीला लिहितं टोक करायला तिने त्याच पेटीतून उरलेला जाड तुकडा लेथवर चढवला. पहिलं टोक चिरलं. दुसरं सुरेख उतरलं, पण पेटी टेकवताच आतली रिफिल चेपली. भार पेलेल असं काहीतरी मागे हवं होतं. तिने भंगारवाल्याकडून मोटारसायकलच्या क्लचची स्प्रिंग आणली, तिसरं टोक कोरलं आणि रिफिल स्प्रिंगवर बसवली. आता भार आला की रिफिल आत सरायची, उचलला की पुन्हा बाहेर. मिस्त्री दारात उभे राहून बघत होते. कपाळावर त्यांनी हात आधीच ठेवला होता.

शनिवारी मिरवणूक शाळेच्या मैदानात थांबली. मेजावर पांढरा कागद अंथरला होता. सहा जणांनी पेन तिरकं केलं. आत सर होते. सहाही जण वाजंत्रीच्या तालावर नाचत आले होते, त्यामुळे एक डावीकडे ओढत होता, एक उजवीकडे, आणि पुढचा दोघांनाही शिव्या घालत होता. तरी टोक टेकलं, स्प्रिंग दबली, आणि कागदावर थरथरत, घसरत, एकेक अक्षर उमटलं: बोर्टे.

सगळे कागदावर वाकले.

"बाबांचंच अक्षर!" लमिलेने हंबरडा फोडला. "असंच घाणेरडं होतं!"

दफन करून सगळे परतले. मिस्त्री कोपऱ्याजवळ उभे राहिले. ओडार्ले लेथला पाठ टेकून बसली होती, उठायच्या बेतात नव्हती.

"एकाने लिहिलं, मिस्त्री. स्वतःचं नाव."

"कोणी?"

"सरांनी."

"स्वतःच्या हाताने म्हटलं होतं मी."

"हात आतच होते."

मुद्दा मिस्त्रींना पटत नव्हता, पण कुठे पटत नाही हेही सापडत नव्हतं.

"आणि त्यांना काही झालं का?" ओडार्लेने विचारलं.

"नाही," मिस्त्री कबूल झाले. "लिहिल्यानंतर काहीच झालं नाही."

तिने सरांच्याच पेटीच्या तुकड्यातून केलेलं पेन पुढे धरलं. मिस्त्रींनी ते जिवंत खेकडा धरावा तसं दोन बोटांत धरलं. मग ट्यूनाच्या फळीवर त्यांनी 'सो' लिहिलं, थांबले, दुसऱ्या हाताने स्वतःची नाडी पाहिली, आणि 'वा' लिहिलं.

"चालू आहे," ते म्हणाले.

"पेन?"

"दोन्ही," मिस्त्री म्हणाले, आणि पेन खिशाला लावून घरी खाटेखालची जागा मोजायला गेले.