पोट उघडायची सोय नाही

“सिस्टर, ब्लेड द्या. पोट उघडायचं.”

डॉक्टर सिद्धोधन वाव्हळ्यांनी उजवा हात बाजूला पसरला आणि तो तसाच हवेत राहिला. हातावर कुणी काही ठेवलं नाही. ठेवणार कोण? डोळ्यांवर डबड्याएवढा चष्मा चढवलेला, त्यात दिसणारं ऑपरेशन थिएटर खोटं, टेबलावरचा पेशंट खोटा आणि त्याच्या पोटात भळाभळा वाहणारं रक्तही खोटंच. खरं एवढंच होतं की हे सगळं परभणीतल्या त्यांच्याच रुग्णालयाच्या मीटिंग हॉलमध्ये, चार ओळखीच्या माणसांदेखत चाललं होतं.

“सर, हँडल सोडू नका,” परीक्षा घेणारी संघप्रिया बाजूनं हळूच म्हणाली. “यात पोट उघडायची सोय नाही.”

“मग रक्त थांबलं नाही तर सर्जननं काय करावं?”

“दुर्बिणीतूनच थांबवायचं, सर.”

डॉक्टरांनी मान फिरवून त्या खोट्या थिएटरात नजर टाकली. भिंती स्वच्छ, दिवे लख्ख, माणूस एकही नाही. आणि दारही नाही. करणाऱ्यानं सगळं हुबेहूब केलं होतं, फक्त बाहेर पडायचा रस्ता तेवढा विसरला होता. मग सगळं लालेलाल झालं आणि कानाशी एक शिट्टी वाजली. परीक्षा संपली.

रुग्णालय चालवणाऱ्या संस्थेनं यंदापासून नवा नियम काढला होता. दुर्बिणीची ऑपरेशनं करायची, तर आधी या यंत्रावर पास व्हायचं. दोन हँडलं, एक चष्मा, आणि हात किती भटकला, मांस किती ओढलं, कुठे पकड सुटली याचा चोख हिशेब. जन्मभर दुसऱ्यांच्या नाड्या पाहणाऱ्यांची नाडी पाहायला आलेलं यंत्र, म्हणा ना. वाव्हळ्यांचा विद्यार्थी डॉक्टर योगीराज सकाळीच चहा निवायच्या आत पास होऊन मोकळा झाला होता. आता तो भिंतीकडे बघत उभा होता.

“सरांना या खेळण्याची सवय न्हाई,” थिएटरच्या महेश्वरी सिस्टर दारातून म्हणाल्या. “खऱ्या पोटात बगा म्हणावं सरांचा हात.”

सगळ्यांनी घाईघाईनं माना डोलावल्या. संघप्रियानं दुपारी आणखी एक संधी आहे असं सांगितलं, आणि मंडळी सुटल्यासारखी पांगली.

वाव्हळे आपल्या खोलीत येऊन बसले आणि त्यांनी डावा हात टेबलावर ठेवला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. मानेतल्या मणक्यानं ही दोन बोटं केव्हाच बधिर केली होती. उघड्या ऑपरेशनात अख्खा हात कामाला असतो, दोन बोटांचं काही अडत नाही. दुर्बिणीत मात्र डाव्या हाताच्या चिमट्यानं पित्ताची पिशवी ताणून धरावी लागते, आणि ती ऐन वेळी निसटायची. निसटली की रक्त, आणि रक्त आलं की ते शांतपणे म्हणायचे, “उघडू या. धोका नको.”

सगळे म्हणत, वाव्हळे सर फार सांभाळून करतात. घाबरून उघडणं आणि शहाणपणानं उघडणं, दोन्हींचा टाका सारखाच दिसतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. ते यंत्रावर चिडले होते, पण ते यंत्राला खोटं ठरवू शकत नव्हते, म्हणून जास्त चिडले होते.

आणि मूठ तरी कुणापासून झाकलेली होती? महेश्वरी सिस्टर हल्ली दुर्बिणीच्या प्रत्येक ऑपरेशनला उघड्या ऑपरेशनची हत्यारं आधीच मांडून ठेवत. पूर्वी मागितल्यावर आणत. त्यांनी कधी विचारलं नाही, यांनी कधी सांगितलं नाही.

दारावर टकटक झाली. सरजाबाई आत आली. येलदरीची. पित्ताचे खडे, ऑपरेशन उद्या.

“डाक्टर सायेब, उद्याचं पक्कं हाय ना?”

“आहे. कामून?”

“न्हाई, शेजारची बाई म्हणायलीय, तिच्या जावेचं पोट फाडलं म्हणून. तसं नगा करू. मी शाळेत खिचडी शिजविते. एवढाली पातेली उचलायची. लय दिवस पडून ऱ्हायले तर दुसरी बाई ठिवतेत. दुर्बिणीनंच करा.”

“बघू.”

“बघू न्हाई, सायेब. तुमी हायेत म्हणून तर आले. लेक म्हणायला, नांदेडला चल. म्या म्हणलं, न्हाई. वाव्हळे सायबाचा हात म्हंजी हात हाय.”

पदर सावरत ती निघून गेली. वाव्हळ्यांना वाटलं, हिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पास झालो तर उद्या हिच्या पोटात हा हात घालायचा. नापास झालो तर... पण नापास व्हायची मुभा त्यांना होतीच कुठे? कृषी विद्यापीठाच्या शेतावर रोजंदारी करणाऱ्या किशनरावांचा मुलगा सर्जन झाला, तेव्हा पेडगावच्या बुद्धविहारात सत्कार झाला होता. अजूनही भीमजयंतीला गेले की बायका लेकरांना पुढं ढकलायच्या, “बघ, असं व्हायचं.” ज्याच्याकडे बोट दाखवून पोरं वाढवली, त्यानं थकायचं कसं?  त्यांनी उठून खिडकी उघडली.

दुपारी हॉलमध्ये संघप्रिया एकटीच होती. बाकीच्यांना तिनंच पाठवून दिलं असावं. पुन्हा तो चष्मा, पुन्हा ते बिनदाराचं थिएटर. उजवा हात जुन्या सवयीनं सुरेख चालला. पिशवीचा देठ मोकळा होत आला. आणि डावा चिमटा निसटला. त्यांनी पुन्हा धरलं. पुन्हा निसटला. रक्ताची चिळकांडी उडाली.

या वेळी त्यांनी ब्लेड मागितलं नाही. दोन्ही हँडलं घट्ट धरून ते तिथेच उभे राहिले. रक्त थांबवायचा एकच उपाय होता, डाव्या हातानं धरायचं आणि उजव्यानं क्लिप लावायची. डावा धरत नव्हता. उघडायला पोट नव्हतं, म्हणायला ‘धोका नको’ नव्हतं. आजवर पळून जायला एक रस्ता होता, हे त्यांना तिथे उभं राहून कळलं. लाल रंग चढत गेला आणि शिट्टी वाजली.

चष्मा काढला तर संघप्रियाचे डोळे भरलेले.

“सर, मी देवगाव फाट्याची. बाबांनी तुमचं नाव सांगून सांगून मला शिकवलं.” तिनं दाराकडे पाहिलं. “मी लाइट गेली असं लिहिते. परीक्षा बाद होते. पुढच्या महिन्यात परत देता येईल. निकाल लागेपर्यंत जुन्या सर्जनांना मुभा आहे, तोवर तुमचं सगळं जसं हाय तसंच राहील.”

परभणीत लाइट गेली म्हटलं तर कुणाचा बाप संशय घेणार नाही. वाव्हळ्यांच्या ओठांवर ‘बरं’ आलंही होतं. सगळं जसं आहे तसंच. म्हणजे उद्या सरजाबाई.

“मशीननं काय लिहिलंय ते वाच.”

“डाव्या हाताची पकड सुटली. पुन्हा पुन्हा. एकाच जागी.”

“बरोबर लिहिलंय. माझी दोन बोटं बधिर आहेत, पोरी. बायकोला पण सांगितलेलं नाही.” बोलल्यावर त्यांना हसू आलं. “नापास लिही.”

“बाबांना काय सांगू, सर?”

“सांग, वाव्हळे नापास झाले. हेही शिकवा म्हणावं पोरांना.”

संध्याकाळी ते वॉर्डात गेले. सरजाबाईच्या पलंगाशी स्टूल ओढून बसले आणि तिला सरळ सांगितलं. हात चालत नाही, डॉक्टर योगीराज करतील, त्यांचा हात आता माझ्यापेक्षा चांगला आहे. सरजाबाईनं त्यांच्या हाताकडे पाहिलं.

“तुमी न्हाई तर मग म्या जाऊ का घरी?”

“जाऊ नका.”

“तुमी आत असताल का पर?”

“असेन.”

“मंग होऊ द्या,” ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

सकाळी टेबलापाशी सर्जनच्या जागी योगीराज उभा राहिला. वाव्हळे त्याच्या शेजारी, दुर्बीण धरणाऱ्याच्या जागी. तिथे शिकाऊ डॉक्टर उभे राहतात. काम एकच, दुर्बीण स्थिर धरायची आणि सर्जन सांगेल तिकडे वळवायची. त्याला एक हात पुरतो. महेश्वरी सिस्टरांनी दुर्बीण त्यांच्या उजव्या हातात दिली आणि लगेच मान खाली घातली.

पडद्यावर पित्ताची पिशवी दिसली. योगीराज घुटमळला.

“सर, जरा... थोडं वर घेता का?”

“‘घेता का’ नाही, योगीराज. ‘वर घ्या’ म्हण. पोट पेशंटचं आहे, वेळ घालवू नको.”

मास्कच्या वर योगीराजचे कान लाल झाले.

“वर घ्या,” तो म्हणाला.

डॉक्टर वाव्हळ्यांनी दुर्बीण वर घेतली आणि तिथे स्थिर धरली.