पापलेटाचं तोंड

तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी फ्रँक लोकांच्या राज्यात अर्नुल्फ नावाचा एक बिशप होऊन गेला. आपली पापं देवाने माफ केली की नाही, या चिंतेने तो पार पोखरला गेला होता. शेवटी त्याने पुलावरून अंगठी नदीत टाकली. ही परत आली, तर माफी मिळाली असं समजायचं. काही वर्षांनी त्याच्या स्वयंपाकघरात मासा चिरला आणि पोटातून तीच अंगठी निघाली, अशी आख्यायिका आहे. पनवेलच्या फ्लॅटमध्ये बसून मी या संताचं चरित्र मराठीत आणत होते, ते वाचून खुर्चीतच उडाले. कारण असला एक बिशप आमच्या घरातही आहे.

ते म्हणजे माझे सासरे, शिवा. चार वर्षांपूर्वी नारळी पौर्णिमेला मोरा बंदरावर धाकट्या भावाने, दादूकाकांनी, यांची वाट न बघता नारळ पाण्यात सोडला. थोरल्याचा मान गेला ना! सासऱ्यांनी बोटातली अंगठी काढून समुद्रात भिरकावली. "ही परत येल तवाच तुज्याशी बोलेन!" तेव्हापासून अबोला. आता शनिवारी काकांच्या मुलीची, सईची हळद, आणि थोरला भाऊ आल्याशिवाय हळद लागणार नाही म्हणून काका हटून बसलेले. सई बिचारी रडून रडून बेजार.

मी गव्हाणला काकांच्या घरी जाऊन त्यांना बिशपची गोष्ट सांगितली. त्यांनी स्वतःची अंगठी काढून दिली. दोघा भावांना आईने सारख्याच अंगठ्या केल्या होत्या. पुढची अक्कल माझी. बाजारातून चांगलं रुंद पापलेट आणलं, कल्ल्यातून अंगठी पोटात ढकलली आणि मासा सासऱ्यांपुढे ठेवला. आमच्याकडे मासे तेच साफ करतात.

सुरी अंगठीला लागली.

"अगंबाई! बाबा, परत आली!" माझा अभिनय जरा जास्तच झाला.

सासऱ्यांनी माशाचं डोकं माझ्यासमोर धरलं. "प्राची, ह्याचं तोंड बघ. शेंगदाना तरी जाल का?"

मी वाकून बघितलं. खरंच, एवढंसं! नाशिकच्या मुलीला द्राक्षं कळतात, माशांची तोंडं कोण बघतं?

"मोठ्या तोंडाची घोल तरी आनाची," ते म्हणाले आणि अंगठी धुता धुता थांबले. आतून लाल दोरा गुंडाळलेला होता. दादूकाकांचं बोट बारीक, अंगठी निसटू नये म्हणून ते दोरा गुंडाळत. सासऱ्यांनी त्या दोऱ्यावरून अंगठा फिरवला. त्यांचे डोळे भरून आले.

"आयेची अंगठी... त्यानं काडून दिली?"

"हो."

"आन मी फेकली."

हात धुऊन त्यांनी शर्ट चढवला. "गव्हानला जाऊन येतो."

"म्हणजे काकांशी बोलणार?"

"बोलाचा नाय! माजी अंगठी कुठं आली अजून?" त्यांनी दादूकाकांची अंगठी खिशात जपून ठेवली. "पन ही त्याची हाय. त्याच्या बोटात घालाला नको? रिकाम्या बोटानं पोरीला हलद लावल काय बाप?"