टकटक करणारी खोटी कॉइल

मित्रांनो, मी दवाखान्यातली एक जुनी कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं आहे, आणि सांगायला लाज वाटते, खोटी आहे. दिसायला चष्म्यासारखी, दोन गोल आणि एक दांडा. माझी खरी जुळी बहीण डोक्यावर डावीकडे धरली की चुंबकाचे ठोके मेंदूपर्यंत पोचवते. सुई नाही, चिरफाड नाही. मी नुसती टकटक करते. उपचार खरंच लागू पडतो का हे कळायला अर्ध्या रुग्णांवर खोटा करून बघावा लागतो, आणि कोणाच्या वाट्याला खरी आली, कोणाच्या खोटी, हे एका बंद पाकिटात लिहिलेलं असतं; ते उघडेपर्यंत ना रुग्णाला ठाऊक, ना नर्सला. डॉक्टरांचं हे म्हणणं मला पटतं. तरीही.

होबार्ट शहरातल्या एका दवाखान्यात अ‍ॅनोरेक्झियाच्या रुग्णांसाठी आम्हाला आणलं. या आजारात ताट पुढे आलं की जीव घाबरा होतो. एकोणीस वर्षांच्या टॅमसिनला तो होता. तिचे वडील, ग्रेम, तिला रोज ह्यूऑनव्हिल गावाहून गाडीने आणत. वीस दिवसांच्या उपचारानंतरही खाणं जमलं नाही, तर तिला वॉर्डात ठेवायचं ठरलं होतं. तिला घरी राहायचं होतं.

नर्स मेरिलिन मला तिच्या डोक्याला टेकवून विचारी, "काय गं, टोस्ट खाल्लास?"

"अर्धा."

"उरलेला कुत्र्याने," ग्रेम सांगत. "त्याला हा उपचार फार मानवलाय."

"बाबा, तू गप्प बस ना."

दुसऱ्या आठवड्यात टोस्ट चतकोरावर आला. मेरिलिन मायाळू बाई, पण तिचा तोंडावर ताबा नव्हता. जे बोलायचं नसतं ते ती बोलून गेली. "सोमवारी उपचार सुरू केलेल्या त्या मुलीला बघ, किती फरक पडलाय. तूही जरा मन लाव."

विसाव्या दिवशी खुर्चीतून उठताना टॅमसिन वडिलांना म्हणाली, "मशीन चांगलं आहे, बाबा. माझंच डोकं कामातून गेलंय."

मित्रांनो, मला तोंड असतं तर तेव्हाच ओरडले असते. मी आपली टकटक करून मोकळी झाले होते. ती वॉर्डात गेली.

तीन महिन्यांनी पाकीट उघडलं. खोटी कॉइल मिळालेल्यांना खरी द्यायची, असं आधीच ठरलेलं होतं. टॅमसिन आली ती खुर्चीत बसलीच नाही. "आधी ती खोटी दाखवा," म्हणाली. मेरिलिनने मला तिच्या हातात दिलं.

"म्हणजे मी मन लावलं नाही असं नव्हतं?"

"नव्हतं गं. मी तसं म्हणायला नको होतं. चुकलं माझं."

टॅमसिनने मला उलटंपालटं करून पाहिलं. "आणि मी रोज स्वतःलाच शिव्या देत होते," म्हणाली, आणि मला टेबलावर पालथं ठेवून खुर्चीत बसली. "चला, आता खरी लावा."

तिला गुण आला का, मला माहीत नाही. माझी बहीणही सगळ्यांना बरं करत नाही. मला कपाटात टाकलं, ते बरंच झालं.

एवढंच मागते, मित्रांनो. आजारी माणूस बरं होईना, तर त्याला मन लाव म्हणू नका. आधी आपल्या हातात काय आहे ते तपासा. टॅमसिन मन लावतच होती. मीच पोकळ होते.