निवृत्त केंद्रे

"जगभरातील किनाऱ्यांवर उधाणाची पातळी गेल्या दहा वर्षांत स्थिरावली असून पुढील तीस वर्षांत तीत लक्षणीय वाढ अपेक्षित नाही."

समुद्राची पातळी नोंदवणाऱ्या संस्थेच्या अहवालातले हे वाक्य इतके गुळगुळीत होते, की संशयाला पाय रोवायला जागाच नव्हती. 'स्थिरावली' हे क्रियापद मोठे सोज्वळ. कोणाच्या साक्षीने, ते सांगत नाही. 'लक्षणीय' त्याहून मानभावी, कारण लक्ष कशाकडे द्यायचे हे ठरवणाऱ्यानेच तो शब्द लिहिलेला. आणि 'जगभरातील' म्हणजे जगातल्या ज्या भरतीमापन केंद्रांचे आकडे अजून येत होते तेवढीच. उरलेल्या जगाला या वाक्यात प्रवेश नव्हता.

हे वाक्य ज्या आलेखावर उभे होते, त्यासमोर संस्थेतली ती सकाळपासून बसली होती. ऑफिसात तिला सगळे 'भिंग' म्हणत. ठिपका दिसला की ही डोळा लावणारच. आज मात्र प्रश्न घरचा होता. तिची धाकटी बहीण बंदराच्या भिंतीला लागून राहत होती. ती वस्ती हलवायची की नाही, हे नगरपालिका दुपारच्या बैठकीत याच वाक्यावर विसंबून ठरवणार होती.

फोन वाजला.

"ताई, राहू की निघू? एवढंच सांग. हे ऐकतच नाहीत. म्हणतात, ताईंच्याच ऑफिसनं लिहिलंय, मग घाबरायचं कशाला? वर मलाच टोमणा, की तू तर बादलीलासुद्धा घाबरतेस!"

"थांब जरा. तुमच्या धक्क्यावरचं भरतीमापक काय दाखवतंय?"

"कुठलं भरतीमापक? तो खांब तर दोन वर्षांपूर्वीच्या उधाणात मुळासकट गेला! तुम्हाला कळलं नाही?"

कळले नव्हते. पडद्यावर त्या धक्क्याची रेषा अजूनही शांतपणे पुढे चालली होती.

याचे कारण संस्थेची एक जुनी, सभ्य रीत. एखादे केंद्र मुके झाले, की त्यापुढे 'निवृत्त' असा शेरा मारायचा आणि त्याची रिकामी जागा बोलत्या केंद्रांच्या सरासरीने भरायची. जणू केंद्र पेन्शन घेऊन घरी बसले आणि त्याच्या खुर्चीवर सरासरी येऊन बसली. खुर्ची का रिकामी झाली, हे विचारणे शिष्टाचारात बसत नसावे.

तिने ती भर काढून टाकली. निवृत्त केंद्रांच्या खऱ्या रेषा एकामागून एक उघड्या पडल्या. बहुतेक सगळ्या चढत गेलेल्या, आणि चढाच्या टोकालाच तुटलेल्या. बहिणीला तिने एकच शब्द पाठवला: "निघ." मग ती बैठकीला गेली. पण भिंतीमागे बहीण एकटी राहत नव्हती. बाकीच्यांना तो शब्द कोण पाठवणार होते?

बैठकीला आलेले संस्थेतले तिचे विभागप्रमुख एके काळी तिचे शिक्षक होते. तिने आलेख लावताच ते मायेने हसले.

"अगं, रिकाम्या जागा भरायला मीच तर शिकवलं तुला."

"हो सर. त्या रिकाम्या कशानं झाल्या, ते विचारायला नाही शिकवलंत."

"यंत्रं बंद पडतात, बाई. गंज चढतो, कुणी तारा चोरतं..."

"तापाच्या वॉर्डात जे रोगी दगावतात, त्यांची नावं कमी केली की वॉर्डाचा सरासरी ताप उतरतो, सर. मग डॉक्टरनं पेढे वाटायचे का?"

कोणीतरी खोकल्याच्या आडून हसले. नगरपालिकेच्या अभियंत्याला मात्र हसू आले नाही. कागद बाजूला सारत तो म्हणाला, "साहेब, मला आलेखातलं कळत नाही. संध्याकाळी त्या वस्तीत जाऊन राहा म्हणू की उठा म्हणू? आणि ही केंद्रं का थांबली, ते तुम्ही पाहिलं होतं का?"

विभागप्रमुखांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आलेख तोच होता. बैठकीचे बोलणे ध्वनिमुद्रित होत असल्याने त्यांचे उत्तर शब्दशः उपलब्ध आहे:

"उठा म्हणा. नाही, पाहिलं नव्हतं. आकडे यायचे थांबले, म्हणजे पाणीही थांबलं असेल, असं मी धरून चाललो. रेषा सरळ येत होती, आणि सरळ रेषेबद्दल मला आजवर कोणी काही विचारलं नव्हतं."