मिंदलाचा चमचा

मित्रांनो, मी एक जुना चमचा आहे. ॲल्युमिनियमचा, दांड्याला बाक आलेला. मला पाहून नाक मुरडणारे मी पुष्कळ पाहिलेत.

पोलंडमधल्या एका कारखान्यात मी जन्मलो. पुढे नाझींच्या छावणीत मिंदला नावाच्या ज्यू कैदी मुलीने आपला दोन दिवसांचा पाव देऊन मला मिळवलं. चमचा नसला की तिथे जनावरासारखं वाडग्यात तोंड घालावं लागे, आणि पहारेकऱ्यांना तेच बघायला आवडे. मिंदला आणि तिची धाकटी बहीण फेगा आळीपाळीने मला वापरून सूप पीत. हिवाळ्यात मिंदला तापाने गेली. तिला ना थडगं, ना फोटो. फेगाने चोरून खिळ्याने माझ्या दांड्यावर तिचं नाव कोरलं. तेवढंच उरलं.

नंतर फेगा मला घेऊन अमेरिकेत आली. म्हातारपणी तिने मला शहरातल्या संग्रहालयाला दिलं, पण मुलांना मला हातात घेऊ द्यायचं, या अटीवर. दर मंगळवारी ती शाळेच्या मुलांना सगळं सांगायची आणि मला हातोहात फिरवायची. मुलं त्या नावावरून बोट फिरवत. माझे खरे चांगले दिवस ते.

मग व्हिटकोम नावाचे नवे संचालक आले. काय तो रुबाब! मला काचेच्या पेटीत ठेवलं. पेटी ज्याने दिली त्याचं नाव पितळेच्या पाटीवर, हे एवढं मोठं. मिंदलाचं नाव त्या पाटीवर नव्हतंच. त्यात देणगीदारांची मेजवानी ठरली. चांदीच्या काट्यांनी मासे खात छावणीतल्या भुकेवर हळहळणारी ती मंडळी! त्यांच्या फोटोत मी कळकट दिसेन म्हणून साहेबांनी मला पॉलिशच्या चाकावर धरायला लावलं.

मंगळवारी फेगाने मला पेटीतून काढून हातात घेतलं. तिचा अंगठा दांड्यावरून दोनदा फिरला.

"नाव कुठंय?"

"थोडा उजळवलाय, फेगाबाई. अगदीच काळा पडला होता हो," शेजारी उभे असलेले व्हिटकोमसाहेब म्हणाले.

फेगा रडली नाही. तिने शालीची पिन काढली आणि मुलांसमोरच कोरायला बसली. नव्वदीचा हात, अक्षरं वाकडीतिकडी येत होती.

"अहो, हे काय करताय? ही संग्रहालयाची वस्तू आहे. परवानगी लागते."

फेगाने मान वर केली नाही.

"पहिल्यांदा कोरलं तेव्हाही नव्हती," ती म्हणाली.

 मला साहेबांची कीवसुद्धा आली नाही.

मित्रांनो, मला जपायचं असेल तर चमकवू नका. हातात घ्या आणि नाव वाचा. मोठ्याने.