कळसूबाईच्या वरचा डोंगर

शाळेच्या प्रदर्शनातली प्रतिकृती मुलांनीच करायची, पालकांनी केलेली दिसली तर टेबलावर ठेवणार नाही, असं बाईंनी स्पष्ट बजावलं होतं. मनस्वीने मान डोलावली आणि घरी येऊन सह्याद्री स्वतःच रचायला घेतला. तिसरीतल्या लेकीच्या, सोनूच्या हाती दिला तर कळसूबाईचं वारूळ होईल, ही तिची धास्ती.

मेथी घालून वाटलेला कागदाचा लगदा. पश्चिमेला कोकणात कोसळणारे सरळ कडे, पूर्वेला हळूहळू उतरत जाणारं पठार, साल्हेर, त्याहून जरा उंच कळसूबाई. सगळं पट्टी लावून. सोनूला फक्त समुद्र निळा करायला दिला, तोही स्वतः शेजारी बसून.

प्रदर्शनाच्या सकाळी दापोलीच्या शाळेत न्यायला रिक्षा दारात आली तेव्हा मनस्वीने वरचं फडकं काढलं. समुद्राला लागून, जिथे त्यांचं बुरोंडी असायला हवं तिथे, तांबड्या मातीचा एक ओबडधोबड डोंगर उभा होता. कळसूबाईच्या चांगला बोटभर वर.

ओटीवर सासरे, भागोजी तांडेल, जाळं सांधत होते. एरवी इतकं मन लावून सांधत नसत.

"बाबा, हे काय?"

"आपला डोंगर. देवळामागचा."

"तो पाण्याच्या टाकीएवढा तर आहे."

"जमिनीवरून. दर्यातून बघ. होडी घरी वळली का पयला तोच दिसतो. तुझी कळसूबाय मला अख्ख्या जन्मात दिसली नाय. दिसत नाय ती उंच कसली गो?"

"बाबा, उंची समुद्रसपाटीपासून मोजतात."

"मग मी कुठून मोजली? समुद्रावरच तर होतो."

दाराआड सोनू फ्रॉकचा बोळा तोंडात कोंबून उभी होती. मनस्वीने सुरी आणली, पण डोंगर खरवडायला जावं तर समुद्रच सुटून यायला लागला. रिक्षावाल्याने हॉर्न दिला.

वाटेत उजळणी झाली. "सर्वात उंच?" "कळसूबाई." "आणि हा?" "हा आपला." "हा आपला असं म्हणायचं नाही, सोनू."

शाळेत परीक्षक म्हणून भूगोलाचे एक पिकल्या केसांचे सर आले होते. शेजारच्या गुळगुळीत हिमालयावर त्यांनी टिचकी मारली. "घरी इंजिनियर कोण?" हिमालय टेबलावरून खाली गेला. मनस्वी खिडकीबाहेरून बघत होती. आपले कडे किती नेटके झालेत, हे तिला आत्ता दिसलं.

सरांचं बोट कड्यांवरून फिरलं आणि तांबड्या डोंगरावर थांबलं. "हा कोणी केला?"

"मी," सोनू म्हणाली. "आजोबांनी फक्त माती आणून दिली."

मनस्वीने तिच्या नखांकडे पाहिलं. तांबडी होती. सकाळपासून सगळ्या घरावर नजर ठेवली, तेवढी नखं राहिली.

"कळसूबाईपेक्षा उंच?"

"होडीतून, सर. तुम्ही खाली बसा ना."

सर गुडघे कुरकुरवत उकिडवे बसले. डोळे निळ्या रंगाच्या काठाला लागले.

"अरेच्चा. बाकीचा सह्याद्री गेला कुठे?"

"उभे राहिलात की दिसेल."

सर उभे राहिले. "आणि तो कोणी केला?"

सोनूने खिडकीकडे पाहिलं. मनस्वीने मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते तिचं तिलाही कळलं नाही.

"आईने," सोनू म्हणाली. "पण तीसुद्धा पहिल्यांदाच करत होती."

सरांनी खिडकीकडे बघून चष्मा सारखा केला. "राहू दे टेबलावर. गुण मात्र फक्त तांबड्या डोंगराचे."

घरी परतल्या तरी भागोजी तिथेच होते. जाळ्यावरून नजर न काढता म्हणाले, "काय झालं?"

"तुमच्या डोंगराला दहापैकी नऊ."

"आणि कळसूबायला?"

"शून्य."

त्यांनी दातांनी दोरा तोडला. "एक गुण कशाला कापला?"

"उंची चुकली म्हणून."

"तरी मी सोनूला सांगत होतो," भागोजी म्हणाले, "अजून दोन बोटं चढव म्हणून."